खांद्यातलं इंजेक्शन: १९४८च्या चमत्काराची पुढची गोष्ट

आजचा विषय आहे खांदा दुखला की देतात ते स्टेरॉइडचं इंजेक्शन. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण या औषधाचे धोके मला त्याच्या इतिहासातूनच नीट कळले. आणि हो, बॉडी बनवायला जिममध्ये लपूनछपून घेतात ते स्टेरॉइड वेगळं. ते आज बाजूला ठेवू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये. तिथल्या डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. संधिवाताच्या एका पेशंटला कावीळ झाली आणि त्याचे सांधे दुखायचे कमी झाले! म्हणजे सूज उतरवणारं काहीतरी शरीरातच असणार. ते शोधण्यात जवळपास वीस वर्षं गेली. तिथलेच केमिस्ट एडवर्ड केंडल यांनी अॅड्रिनल ग्रंथीतून 'कंपाउंड ई' वेगळं काढलं होतं. मर्क कंपनीने ते प्रयोगशाळेत बनवलं. सप्टेंबर १९४८ मध्ये ते पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटला दिलं. २९ वर्षांची बाई, धड चालताही येत नव्हतं. आठवड्याभरात ती बाजारात तीन तास फिरून आली.

हेच ते कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल मिळालंसुद्धा.

पण गंमत बघा. औषध थांबवलं की दुखणं परत. चालू ठेवलं तर चेहरा सुजून गोल, हाडं ठिसूळ, शुगर वर. म्हणजे आग विझली नव्हती, फक्त धूर दिसायचा बंद झाला होता.

मग १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी नवी वाट दाखवली. अख्ख्या शरीराला कशाला, हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यातच टोचू. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्लोबल व्हेरिएबल लोकल केला. आज खांद्यात जातं ते इंजेक्शन याच कल्पनेचं.

फक्त हे 'लोकल' पूर्ण लोकल नाही. औषध थोडं रक्तात उतरतंच. माझ्या आईला डायबेटिस आहे, आणि डायबेटिसवाल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त. तिला इंजेक्शन दिलं तेव्हा डॉक्टरांनी रोज शुगर तपासायला सांगितलं. पहिले काही दिवस आकडा चढलेलाच होता.

दुसरा धोका स्नायूबंधांचा, म्हणजे टेंडनचा. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण टेंडनची झीज भरून काढत नाही. उलट वारंवार दिलं तर टेंडन कमजोर होऊ शकतं. आणि दुखत नाही म्हणून आपण पुन्हा बॉलिंग, पुन्हा बेंच प्रेस! २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास आला. टेनिस एल्बोमध्ये स्टेरॉइडने सुरुवातीला आराम पडला, पण पुढच्या महिन्यांत हेच पेशंट मागे पडले. खांद्याच्या बाबतीत निकाल संमिश्र होते. याशिवाय सुईच्या जागी त्वचा पांढरी पडणं किंवा खड्डा पडणं, आणि क्वचित पण गंभीर, सांध्यात इन्फेक्शन.

मग इंजेक्शन वाईटच का? नाही. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या दुखऱ्या काळात त्याचा खरा उपयोग होतो. रात्री झोप लागते, व्यायाम करता येतो. मला इतिहासातून कळलं ते एवढंच: हे औषध वेळ मिळवून देतं. त्या वेळात फिजिओथेरपी केली तर फायदा, नाहीतर दुखणं परत दारात.

म्हणून सुई घेण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. नेमका आजार कोणता? टेंडन फाटलंय का? याआधी किती इंजेक्शनं झाली, हे लक्षात घेतलंय का? आणि नंतर व्यायाम कधीपासून? डायबेटिस असेल किंवा खांद्याचं ऑपरेशन ठरत असेल, तर ते न विचारताच सांगा.

घरात कोणाचा खांदा दुखत असेल तर हा एपिसोड त्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!