सालदाराचे साल

खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते. बोली ठरते, उचल मिळते आणि माणूस वर्षभरासाठी बांधला जातो. शहादा-तळोद्याच्या काळ्या मातीत हे सालदार बहुतांशी भिल्ल. त्यांतल्या कित्येकांचे आजे-पणजे त्याच मातीचे धनी होते.

हे घडले कसे? १८१८ नंतर इंग्रजांनी भिल्लांवर ‘लुटारू’ असा शिक्का मारला. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारून भिल्लांकरवीच भिल्लांना आवरले. १८७८ च्या कायद्याने जंगल सरकारचे झाले. सपाटीवरच्या जमिनी सावकाराच्या कर्जखतांत गेल्या. वर ‘भिल्ल जातच आळशी’ असे सांगायला लोक मोकळे! अमेरिकेतही आधी गुलामी आली, काळ्यांच्या ‘हीनपणा’चे शास्त्र मागाहून रचले गेले. आधी लूट, मग वंशाची सबब.

१९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग महाराजांभोवती माणसे जमली, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. सालदाराची मजुरी आणि गेलेल्या जमिनी हे प्रश्न ऐरणीवर आले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ चा.

आज जिल्ह्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के आहेत. तरी दिवाळी सरताच कोयता घेऊन गुजरातच्या उसाकडे निघालेली कुटुंबे दिसतात. उचल तीच, मुकादम नवा. म्हणून शिकलेल्या पोरांना सांगणे एवढेच : आजोबांच्या नावाचे जुने फेरफार काढून वाचा. आपली गरिबी रक्तातून आलेली नाही, कागदावरून आली आहे. आणि कागद बदलता येतो.