दोन पडद्यांचं पुस्तक

भारतातून पाहुणे आले की गोल्डन गेट दाखवून झाल्यावर सांता क्लारात काय दाखवायचं, हा मोठाच प्रश्न असतो. आमच्या गावात पाहण्यासारखं म्हणजे ऑफिसं! हे इंटेल, हे एन्व्हिडिया... पाहुणे जांभया देतात. परवा भाच्याने खिशातून घडीचा फोन काढला आणि विचारलं, "मामा, हा तुमच्या इथलाच शोध ना?"

नाही रे बाबा. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र इथली आहे.

'नॉलेज'चा पुढचा तुकडा तोडून कंपनीचं नाव ठेवलं होतं 'नो'. मराठी कानाला नकारच ऐकू येतो, पण असो. 2009 साली उस्मान रशीद आणि बाबर हबीब यांनी ती सुरू केली. रशीद त्याआधी पाठ्यपुस्तकं भाड्याने देणाऱ्या 'चेग'च्या संस्थापकांपैकी एक, म्हणजे पुस्तकांची ओझी आणि किमती चांगल्याच ठाऊक. जून 2010 मध्ये त्यांनी आपलं यंत्र जाहीरपणे दाखवलं. 14.1 इंची दोन पडदे, मध्ये बिजागरी. पुस्तकासारखं उघडायचं, एका बाजूला धडा वाचायचा, दुसऱ्या बाजूला पेनने टिपणं काढायची.

वजन अडीच किलो! किंमत 899 डॉलर, एका पडद्याचं घेतलं तर 599. आणि दोनच महिन्यांपूर्वी अ‍ॅपलचा आयपॅड आला होता, 499 डॉलरपासून, वजन पाऊण किलोच्या आत. लोक हसले नसते तरच नवल.

मला मात्र हसू येत नाही. इंजिनिअरिंगला असताना डाव्या कोपराने जाडजूड पुस्तक उघडं दाबून धरायचं आणि उजव्या हाताने वहीत आकृती उतरवायची, हे आपण सगळ्यांनीच केलंय ना? 'नो'चा दुसरा पडदा म्हणजे ती वही होती. तो कशासाठी आहे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. चुकलं ते वजन आणि चुकली ती वेळ. एप्रिल 2011 मध्ये इंटेलने कंपनीत पैसे घातले आणि कंपनीने यंत्र बनवणं सोडलं. पुढे ती आयपॅडसाठीच पुस्तकांचं सॉफ्टवेअर करू लागली(!) आणि नोव्हेंबर 2013 मध्ये इंटेलने ती विकतच घेतली. गावातल्या गावात सोयरीक.

त्याच 2011 साली क्योसेराचा 'एको' हा दोन पडद्यांचा फोन अमेरिकेत आला. दोन्ही पडदे मिळून चालणारी अ‍ॅप्स मोजकीच, आणि बॅटरी अशी की खोक्यात दुसरी जादा बॅटरीच दिली होती. 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने 1399 डॉलरचा 'सरफेस ड्युओ' आणला. उघडल्यावर जाडी 4.8 मिलिमीटर, बिजागरी देखणी. पण सॉफ्टवेअर अडखळायचं आणि कॅमेरा साधा. 2021 च्या दुसऱ्या आवृत्तीनंतर तोही प्रकार थांबला. या दोघांकडे दुसरा पडदा होता, वही नव्हती. शेवटी टिकले ते एकच लवचीक पडदा दुमडणारे फोन. त्यांचीही सुरुवात काही धड नव्हती. एप्रिल 2019 मध्ये परीक्षणासाठी दिलेले सॅमसंगचे काही फोन मोडले आणि विक्री सप्टेंबरवर गेली.

भाच्याला विचारलं, "एवढ्या पडद्यावर तू करतोस काय?"

त्याने फोन उघडून दाखवला. अर्ध्यात क्रिकेटचा स्कोअर, अर्ध्यात व्हॉट्सअ‍ॅप. मग म्हणाला, "मामा, चार्जर आहे का?"