गप्प बसलेल्यांची मतं

भेस्तानला पॅसेंजर धरली की वापी आणि वापीहून रिक्षानं दमण. लोक तिथे कशाला जातात ते सांगायला नको. आम्ही गेलो होतो किल्ला पाहायला. 1961 च्या डिसेंबरपर्यंत तिथे पोर्तुगीज होते हे ठाऊक होतं. पण सालाझारच्या हुकूमशाहीत निवडणुकाही व्हायच्या, गोवा-दमण-दीवमधून लिस्बनला प्रतिनिधी जायचे, हे मी बी.ए. होऊनही कधी वाचलं नव्हतं.

1933 मध्ये सालाझारनं आपल्या राज्यघटनेवर लोकांचा कौल घेतला. जे मत द्यायला आलेच नाहीत, त्यांचं मत 'होय'मध्ये धरलं! आपल्यात मौन हे व्रत आहे, बायांनो. पण लग्नाच्या बोलणीत मुलगी खाली मान घालून बसली की "पसंत आहे हो तिला" म्हणायचे ना, हे त्यातलंच. बाईला मताचा हक्क 1931 मध्येच मिळाला होता, पण ती माध्यमिक शाळा शिकलेली हवी. पुरुषाला लिहिता-वाचता आलं तरी पुरे. म्हणजे स्तोत्रापुरती अक्षरं ओळखणाऱ्या माझ्या आजीला मत नसतं, तेवढंच शिकलेल्या आजोबांना असतं.

1945 ला मात्र विरोधकांना उभं राहायची मुभा दिली. हजारोंनी निर्भयपणे सह्या केल्या. सरकारनं "खऱ्या आहेत का बघतो" म्हणून त्या याद्या मागून घेतल्या आणि त्यावरून माणसं हुडकली. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. शेवटी विरोधकांनी माघार घेतली, सगळ्या जागा सालाझारच्या पक्षाला. मला वाटतं, निवडणूक घ्यायची ती त्या यादीसाठीच. आमच्या सोसायटीत "विरोध असेल त्यांनी हात वर करा" म्हणतात तेव्हा माझा हात मांडीवरच राहतो, खोटं कशाला बोलू.

1958 ला जनरल देल्गादो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. जिंकलो तर सालाझारला काढून टाकीन, असं उघड म्हणाले. सरकारी मोजणीतही त्यांना चौथा हिस्सा मतं पडली. लगेच 1959 मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडायचा लोकांचा हक्कच काढून घेतला. देल्गादोंना 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी मारलं.

तोवर इकडे पोर्तुगीज गेले होते. 1963 च्या डिसेंबरात गोवा, दमण, दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. 30 जागा होत्या, त्यातली एक दमणची. आजीइतकं शिकलेल्या बायकाच काय, अंगठा उठवणाऱ्याही त्या दिवशी मत देऊ शकत होत्या.