पुरवठा साखळी दृश्यता

कच्च्या मालापासून तयार वस्तू ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कोणता माल कोठे आहे, किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि पुढच्या ठिकाणी केव्हा पोहोचेल, ही माहिती संबंधितांना वेळेवर मिळण्याची व्यवस्था. खरेदी, उत्पादन, साठा, वाहतूक, सीमाशुल्क आणि हिशेब यांच्या संगणकप्रणाली एकमेकींशी जोडून ती साधली जाते. प्रस्तुत नोंदीत मोटार उद्योगावर भर आहे. या विषयाची बरीच तपशीलवार कागदपत्रे त्याच उद्योगातली आहेत.

संकल्पना : एका मोटारीत स्क्रूपर्यंत मोजले तर सुमारे ३०,००० भाग भरतात. मोटार कंपनी त्यांतले बहुतेक बाहेरून घेते. तिला थेट माल देणारे पुरवठादार पहिल्या फळीचे, त्यांना माल देणारे दुसऱ्या फळीचे, आणि असेच पुढे पोलाद, रसायने, खनिजे यांपर्यंत. प्रत्येक फळीला आपल्या लगतच्या ग्राहकाची ऑर्डर तेवढी दिसते, शेवटच्या ग्राहकाची मागणी दिसत नाही. त्यामुळे दुकानातील विक्रीत थोडा चढउतार झाला, तरी मागच्या फळ्यांवर तो वाढत वाढत पोहोचतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जे फॉरेस्टर यांनी १९६१ मधील आपल्या ग्रंथात याचे गणित मांडले. पुढे हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सेऊंगजिन व्हांग यांनी १९९७ मध्ये त्याची कारणे उलगडली. ‘बुलव्हिप इफेक्ट’ या नावाने हा परिणाम ओळखला जातो. खरी मागणी सर्व फळ्यांना एकाच वेळी दिसली तर तो कमी होतो, हा दृश्यतेच्या बाजूने केला जाणारा मूळ युक्तिवाद आहे.

पूर्वेतिहास : मालाची माहिती मालाच्या आधी पोहोचली पाहिजे, ही गरज १९४८-४९ च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात ठळक झाली. अमेरिकी सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी तेव्हा टेलेक्स, दूरध्वनी किंवा रेडिओ यांपैकी कशावरूनही पाठवता येईल असा मालयादीचा एकच नमुना ठरवून दिला. व्यापारी कागदपत्रांच्या इलेक्ट्रॉनिक देवाणघेवाणीचा, म्हणजे ईडीआयचा, उगम सामान्यतः तेथे मानतात. अमेरिकेत १९७९ मध्ये एक्स-१२ या मानकासाठी समिती नेमली गेली; संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या एडिफॅक्टला १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

कारखान्याच्या आतली गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. आयबीएममधील जोसेफ ऑर्लिकी यांनी साहित्य-गरज नियोजनाची (एमआरपी) पद्धत विकसित केली आणि १९७५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. किती मोटारी करायच्या हे ठरले, की सुट्या भागांच्या यादीवरून (कारखान्याच्या भाषेत बीओएम) कोणता भाग किती आणि कधी लागेल हे संगणक काढतो. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप कंपनी स्थापन केली. तिच्या १९९२ च्या आर-३ या प्रणालीने खरेदी, उत्पादन, साठा, विक्री आणि लेखे एकाच माहितीसाठ्यावर आणले. अशा प्रणालींना ईआरपी हे नाव १९९० च्या सुमारास रूढ झाले.

मालाला ओळख देण्याचे काम बारकोडने केले. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावर तो प्रथम वाचला गेला. रेडिओ-टॅग (आरएफआयडी), उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आणि मोबाइल फोन ही त्यापुढची साधने होत.

कार्यपद्धती : ग्राहक-कंपनीच्या ईआरपीतून पुरवठादाराला शेड्यूल, म्हणजे कोणता भाग किती आणि केव्हा हवा याचे वेळापत्रक, जाते. पुरवठादार माल भरताना पूर्वसूचना (एएसएन) पाठवतो. तीत भागाचा क्रमांक, नग, चलान आणि गाडीचा क्रमांक असतो. गाडी फाटकावर आली की नोंद होते, माल मोजून घेतला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तयार होते आणि साठा वाढतो. कागदावर हे सरळ आहे. प्रत्यक्षात गाडी सकाळपासून फाटकाबाहेर उभी असते, जीआरएन संध्याकाळी होते आणि तोवर पडद्यावर त्या भागाचे शॉर्टेज दिसत राहते. बोल्ट किलोवर विकत घेतले जातात आणि मोटारीवर नगाने लागतात. एका बोल्टचे वजन माहितीसाठ्यात चुकीचे भरले असेल, तर साठ्याचा प्रत्येक आकडा चुकतो. एकाच भागाला कंपनीचा एक क्रमांक, पुरवठादाराचा दुसरा आणि वाहतूकदाराच्या पावतीवर नुसतेच ‘मशिनरी पार्ट्स’ असे वर्णन, हेही नित्याचे. मूळ नोंदींची ही साफसफाई, म्हणजे मास्टर डेटाचे काम, प्रणाली एकमेकींशी जोडण्याच्या, म्हणजे एकात्मीकरणाच्या, कोणत्याही कामात सर्वांत वेळखाऊ ठरते. प्रणाली विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात त्याला सहसा जागा नसते.

एकात्मीकरणाचे फसलेले प्रयोगही प्रसिद्ध आहेत. १९९९ मध्ये हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने ऐन हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. सिस्को या नेटवर्क-साधने बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या अंतर्गत प्रणालींची त्या काळी वाखाणणी होत असे. तरी मे २००१ मध्ये तिला सुमारे २२५ कोटी डॉलरचा साठा निकालात काढावा लागला. टंचाईच्या काळात ग्राहकांनी एकच मागणी अनेक ठिकाणी नोंदवली होती आणि ती सर्व खरी धरून माल मागवला गेला, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

जपानचा भूकंप आणि टोयोटा : ११ मार्च २०११ च्या भूकंपाने या विषयाला वळण दिले. टोयोटाचा पहिल्या फळीशी संबंध अत्यंत घट्ट होता. त्यामागच्या फळ्या पिरॅमिडसारख्या रुंदावत जातात, म्हणजे एक पुरवठादार बंद पडला तरी दुसरा मिळेल, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात आकार हिऱ्यासारखा निघाला. पहिल्या फळीचे निरनिराळे पुरवठादार मागे जाऊन एकाच कारखान्यावर अवलंबून होते आणि ते कोणाला ठाऊक नव्हते. इबाराकी प्रांतातील नाका या गावचा रेनेसास कंपनीचा चिप कारखाना हे त्याचे ठळक उदाहरण. दुसरे उदाहरण रंगाचे : मोटारीच्या रंगाला झळाळी देणारे झिरॅलिक हे रंगद्रव्य जर्मनीच्या मर्क कंपनीच्या ओनाहामा येथील एकाच कारखान्यात तयार होत असे. तो बंद पडताच फोर्डला अमेरिकेत विशिष्ट काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांची नोंदणी थांबवावी लागली. रंगद्रव्याचा पुरवठादार मोटार कंपनीच्या ईआरपीत सहसा नसतो. तेथे रंग विकणारी कंपनी असते.

टोयोटाने धोक्यात आलेल्या सुमारे १,२०० भाग-साहित्यांची यादी काढली आणि त्यांतून ५०० बाबींना प्राधान्य दिले. जपानबाहेरचे उत्पादन पूर्ववत होण्यास सुमारे सहा महिने लागले. त्यानंतर कंपनीने ‘रेस्क्यू’ या नावाचा माहितीसाठा उभारला. त्यात हजारो भागांची मागच्या फळ्यांपर्यंतची साखळी आणि लाखो पुरवठास्थाने नोंदलेली आहेत. कोठे भूकंप झाला, की त्या भागातील कारखाने आणि तेथून येणारे भाग काढता येतात. पुरवठादारांनी आपले पुरवठादार उघड करणे हा यातला कळीचा भाग होता. कोणाकडून काय घेतो हे सांगितले, तर ग्राहक आपल्याला वगळून थेट तेथे जाईल किंवा भाव पाडेल, ही भीती सर्वच देशांत आढळते. टोयोटाला ते कितपत आणि कशाच्या बळावर साधले, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही.

माहितीबरोबर कंपनीने धोरणही बदलले. महत्त्वाच्या चिपांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा, असे ठरले. साठा म्हणजे उधळपट्टी असे जगाला शिकवणाऱ्या कंपनीचा हा निर्णय असल्याने त्याची चर्चा झाली. २०२१ च्या पूर्वार्धात चिपटंचाईने इतर कंपन्यांच्या लाइनी बंद पडत असताना टोयोटा तगून होती. पण ऑगस्ट २०२१ मध्ये, आग्नेय आशियातील करोनाच्या लाटेने तेथील पुरवठा आटला तेव्हा, तिलाही सप्टेंबरचे जागतिक उत्पादन ४० टक्क्यांनी घटवावे लागले. अडचण कोठे आहे हे दिसत होते. साठा मात्र संपला होता. दृश्यता टंचाईची पूर्वसूचना देते, टंचाई भरून काढत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जोडणीतील धोके : प्रणाली जितक्या जोडलेल्या, तितका एका ठिकाणचा बिघाड दूर पोहोचतो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा या कंपनीच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला. परिणामी १ मार्च रोजी टोयोटाचे जपानमधील सर्व १४ कारखाने आणि २८ लाइनी एक दिवस बंद राहिल्या. सुमारे १३,००० मोटारींचे उत्पादन बुडाले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी हेच कारखाने पुन्हा थांबले, तेव्हा हल्ला झालेला नव्हता. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या सर्व्हरांच्या डिस्कमध्ये जागा उरली नव्हती. पर्यायी सर्व्हरही त्याच प्रणालीत असल्यामुळे तोही त्याच कारणाने निकामी ठरला.

२७ जून २०१७ च्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची प्रणाली ठप्प केली. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंद घानातील एका कार्यालयात शिल्लक सापडली. वीज गेल्यामुळे तेथील संगणक हल्ल्याच्या वेळी बंद होता. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामही या हल्ल्याने विस्कळीत झाले.

भारत : न्हावाशेव्याचे बंदर या विषयात दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचे आहे. जुलै २०१६ मध्ये दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा महामंडळ आणि जपानची एनईसी यांच्या संयुक्त कंपनीने ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ ही सेवा तेथून सुरू केली. बंदरात कंटेनरला रेडिओ-टॅग लावतात. टोलनाके, कंटेनर मालस्थानके आणि अंतर्देशीय डेपो येथील वाचकयंत्रे तो वाचतात. त्यामुळे कंटेनरचा क्रमांक टाकून तो कोणत्या टप्प्यावर आहे हे आयातदाराला घरबसल्या पाहता येते. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानकानुसार चार अक्षरे आणि सात अंकांचा असतो. सातवा अंक आधीच्या अक्षर-अंकांवरून गणिताने निघतो, त्यामुळे लिहिण्यातल्या बहुतेक चुका लगेच पकडल्या जातात. या सेवेपूर्वी कंटेनरची चौकशी म्हणजे कस्टम एजंटाला आणि ट्रान्सपोर्टरला फोन. तो प्रकार अजून पूर्ण गेलेला नाही. शिवाय टॅग कंटेनरचा ठावठिकाणा सांगतो, आतल्या मालाचा नाही. नंतर ही सेवा देशातील इतर बंदरांवरही नेण्यात आली.

१ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीत ५०,००० रुपयांवरील मालासाठी इ-वे बिल सक्तीचे झाले. ते करचुकवेगिरी रोखण्यासाठी आले. पण माल, गाडी आणि चलान यांची एकत्र नोंद देशभर होऊ लागली, ती प्रथमच. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर जाहीर झालेल्या ‘युलिप’ या मंचाने सात विभागांच्या ३० प्रणाली जोडल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

पुणे परिसरातील चाकण, भोसरी, पिंपरी-चिंचवड येथे मोठ्या मोटार कंपन्या आणि त्यांचे पहिल्या फळीचे व्हेंडर ईआरपीवर आहेत. त्यांना जॉबवर्क करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपांत मात्र हिशेब टॅलीवर आणि शेड्यूल व्हॉट्सअ‍ॅपवर, ही सर्रास पद्धत आहे. साखळीचा हा भाग ग्राहक-कंपनीच्या पडद्यावर येत नाही.

औषधे : मालाला ओळख देण्याची सक्ती मोटार उद्योगाबाहेरही झाली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात ठरावीक ३०० औषधनामांच्या वेष्टनावर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे.

सामायिक मंच : मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये पुढे आणलेला ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेनवरील मंच नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली. जागतिक पातळीवर पुरेसे सहकार्य मिळाले नाही, असे कंपन्यांनी कारण दिले. जर्मन मोटार उद्योगाच्या कॅटेना-एक्स या जाळ्यात (२०२१) प्रत्येक कंपनी माहिती स्वतःकडेच ठेवते आणि काय दाखवायचे ते स्वतः ठरवते. हा मार्ग अधिक टिकाऊ दिसतो, तथापि छोट्या पुरवठादारांचा सहभाग हीच त्याचीही कसोटी आहे.

कायदे : २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. तेथे कोणत्या ब्रँडचे कपडे शिवले जात होते, हे काही बाबतीत ढिगाऱ्यातील लेबलांवरून शोधावे लागले. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात काँगो परिसरातील कथील, टंगस्टन, टँटलम आणि सोने यांचा उगम जाहीर करण्याचे बंधन आधीच होते. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. युरोपीय संघाच्या नियमानुसार विजेवरील वाहनांच्या आणि २ किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटऱ्यांना १८ फेब्रुवारी २०२७ पासून डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या भारतीय बॅटऱ्यांनाही तो नियम लागू आहे.