डोंगरीचे 101 दिवस

नववीत इतिहासाच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'सन 1882 : टिळक व आगरकर यांना तुरुंगवास.' परीक्षेत 'कारणे द्या'मध्ये मी एका ओळीत उत्तर लिहिलं, दोन गुण मिळवले आणि विसरून गेले. ते कारण नीट वाचलं ते तीस वर्षांनी.

टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशीतले मास्तर होते. 1880 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं, पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याची तेव्हा चर्चा होती. या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली आणि बर्व्यांच्या नावची काही पत्रंही छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट ठरली.

खटला चालू असतानाच मार्च 1882 मध्ये चिपळूणकर वारले. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलैत दोघांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते 26 ऑक्टोबरला सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिलं. एक गोष्ट मला शाळेत कळलीच नव्हती : खटल्याच्या वेळी 10,000 रुपयांच्या जामिनाची सोय जोतीराव फुल्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकरवी केली. विचार जुळत नसतानाही!

पण महाराजांचं काय झालं? 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं वीस. म्हणजे संपादकांचे कागद खोटे होते, काळजी खोटी नव्हती.

हे मला आता जास्त कळतं. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हिशेबाबद्दल मी आवाज उठवला आणि कुणीतरी पाठवलेलं एक बिल न तपासता ग्रुपवर टाकलं. ते बनावट निघालं. त्यानंतर चर्चा फक्त माझ्या चुकीची झाली. हिशेब कुणी मागितलाच नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी मी, एवढं साधं तपासलं नाही. मला फक्त मान खाली घालावी लागली. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या पत्रकाराला अशीच एक चूक तुरुंगात नेते.

बाई, तेव्हा उत्तर अर्धंच लिहिलं होतं. उरलेलं आज लिहिलं आहे. तपासून द्याल ना?