एमएनडी : नसा व स्नायूंची विद्युत तपासणी

मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी) या आजारात स्नायूंना हालचालीचा हुकूम देणाऱ्या मेंदूतील व मज्जारज्जूतील पेशी मरत जातात. सदऱ्याची बटणे लावता येईनाशी होतात, चालताना पाऊल अडखळते. स्पर्श मात्र नीट कळतो. कोणत्याही एकाच तपासणीने निदान पक्के होत नाही. म्हणून लक्षणांच्या जोडीला नर्व्ह कंडक्शन (नसांची तपासणी) आणि ईएमजी (स्नायूंची तपासणी) करतात.

आधी त्वचेवरून नसेला हलके शॉक देतात. एमएनडीत स्पर्शाच्या नसांचा प्रतिसाद सहसा नॉर्मल येतो. हालचालीच्या नसांचा प्रतिसाद लहान होतो, पण वेग फारसा मंदावत नाही. संदेश नसेत मध्येच अडत असेल, तर मल्टिफोकल मोटर न्यूरोपथीची शंका घ्यावी लागते. हा आजार दिसायला एमएनडीसारखाच, पण इम्युनोग्लोब्युलिनने सुधारणारा. तो नजरेतून सुटू न देणे हे या तपासणीचे सर्वांत मोलाचे काम. हात गार असला तरी वेग कमी भरतो, म्हणून आधी तो उबदार करून घेतात.

मग बारीक सुई थेट स्नायूत. अंगठा आणि तर्जनी यांमधला स्नायू, पोटरी, पाठ, कधी जीभही. निरोगी स्नायू सैल सोडला की पडद्यावर सरळ रेषा दिसते. नस तुटलेल्या स्नायूत स्पीकरमधून पत्र्यावर पडणाऱ्या थेंबांसारखी टपटप ऐकू येते. वाचलेल्या पेशी नव्या शाखा काढून शेजारचे तंतू जोडून घेतात, त्यामुळे उरलेल्या लहरी मोठ्या होतात. स्नायूचे नुसते फडफडणे निरोगी माणसातही आढळते. जपानमधील आवाजी बेटावरच्या बैठकीत ठरलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निदानाच्या निकषांनी, नस तुटल्याच्या जुन्या खुणांसोबत दिसणारी फडफडही पुरावा म्हणून धरली.

बिघाड कुठे आहे ते सुई सांगते; तो कशामुळे, हे नाही. उदाहरणार्थ, 1971 मध्ये मुंबईत डोळ्यांची साथ आली. त्यानंतर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी त्यांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. मूळ कारण एंटेरोव्हायरस 70 होते. अशा वेळी आधी येऊन गेलेल्या डोळ्यांची हकीकतच उलगडा करते.

समजा, मानवतचा रुग्ण मानवत रोडहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला तपासणीसाठी जाणार असेल, तर जुने सर्व कागद सोबत हवेत. पहिली तपासणी फार लवकर झाली, तर काही महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते आणि तेव्हा तुलनेला जुना रिपोर्ट लागतो. उपाशी राहायची गरज नाही; अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये. पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.