नऊ वीसला मिटलेलं दार

१ नोव्हेंबर २०२३, बुधवार. संकष्टीचा दिवस.

सकाळी ९.००
तुआस म्हणजे सिंगापूरचं पश्चिम टोक. कारखाने, गोदामं, नवं कंटेनर बंदर आणि मलेशियाला जोडणारा दुसरा पूल. इथल्या कामगाराचा हात यंत्रात सापडला तर जवळचं मोठं सरकारी रुग्णालय जुराँग ईस्टला, एंग टेंग फाँग. ते आणि देशभरातल्या एकूण ४६ सार्वजनिक आरोग्य संस्थांचं संगणकीय काम एकच सरकारी कंपनी बघते, सिनॅप्स. तिच्या जाळ्याच्या तोंडाशी दोन पहारे होते. बाहेर, अचानक उसळलेली रहदारी आधीच अडवणारी विकत घेतलेली सेवा आणि तिच्या मागे फायरवॉल.

९.१५
रहदारी उसळल्याचं दिसलं. असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी मारा करायचा, चोरी करायची नाही, फक्त दार अडवायचं, अशा जातीचा हा हल्ला. लोंढा पहिल्या पहाऱ्याला चुकवून थेट फायरवॉलवर आदळला.

९.२०
भार असह्य झाला आणि फायरवॉल रहदारी गाळू लागली. त्यासरशी रुग्णालयांच्या वेबसाइट, कर्मचाऱ्यांचे ईमेल, इंटरनेटवर चालणारं सगळंच बंद पडलं. महाराष्ट्रात तेव्हा सकाळचे ६.५० झाले होते.

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘फायरवॉल कोलमडली’ एवढ्याने काहीच कळत नाही. आजची पॅकेट फिल्टर फायरवॉल नुसते नियम वाचत नाही, आत सोडलेल्या प्रत्येक कनेक्शनची नोंदही ठेवते. केसपेपरच्या खिडकीवरच्या वहीसारखी. नाव लिहून रुग्ण परत फिरकलाच नाही, तरी त्याची ओळ किती वेळ राखून ठेवायची, हे ठरवणारा आकडा म्हणजे टाइमआउट. वही भरली की खरा रुग्णही दारातून परत जातो.

एका साध्या लिनक्स यंत्राचा हिशेब मांडू. नोंदींची मर्यादा बऱ्याचदा २,६२,१४४ असते. सर्व्हरने उत्तर दिलं पण पलीकडून होकार आलाच नाही, अशी अर्धवट नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद टिकते. कुणी सेकंदाला ५,००० खोट्या विनंत्या पाठवल्या, तर त्रेपन्नाव्या सेकंदाला वही भरते आणि लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ची रांग लागते. एवढ्या माऱ्याला चार मेगाबिटही लागत नाहीत. घरचं ब्रॉडबँड पुरतं. तेच ६० चे १० सेकंद केले, तर एका वेळी ५०,००० नोंदी होतात आणि वही भरतच नाही. नियमांच्या शंभर ओळी कितीही चोख असोत, निकाल या एका आकड्यावर लागतो.

म्हणून सगळेच आकडे छाटायचे, तर तेही चुकतं. जुळलेलं पण गप्प असलेलं कनेक्शन लिनक्स ५ दिवस राखतं, ओपनबीएसडी प्रणालीचं पीएफ हे फिल्टर २४ तास. ते कुणी पाच मिनिटांवर आणलं की तासाला एकदा निकाल पाठवणारं प्रयोगशाळेतलं यंत्र मुकाट्याने तुटतं, आणि दोष यंत्राच्या माथी जातो. पीएफची तोड मला शहाणपणाची वाटते: नोंदी मर्यादेच्या ६० टक्क्यांपुढे गेल्या की ते सगळे टाइमआउट आपोआप आखडायला लागतं. गर्दी नसेल तर कुणाला घाई नाही.

सकाळी १० ते दुपारी ४
तपास चालू, वेबसाइट बंद. पण दवाखाने चालू होते आणि रुग्णांच्या नोंदी उघडत होत्या. २०१८ मध्ये सिंगहेल्थ या सरकारी रुग्णालय समूहातून १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली, तेव्हाचे पंतप्रधान ली श्येन लूंग यांचीसुद्धा. त्यानंतर रुग्णालयांतले कामाचे संगणक इंटरनेटपासून तोडले होते. तेव्हा डॉक्टरांना ते जाचक वाटलं असेल. पण आतलं जाळं बाहेरच्या दारावर अवलंबून नसण्याचं मोल अशाच दिवशी कळतं.

४.३०
कारण सापडल्यावर सेवा पुरवठादारांच्या मदतीने खोटी रहदारी अडवली गेली. सेवा टप्प्याटप्प्याने परतू लागल्या.

५.१५
बहुतेक सगळं सुरू. जवळजवळ आठ तास गेले होते.

३ नोव्हेंबर
सिनॅप्सने कारण जाहीर केलं. रुग्णांची माहिती किंवा आतलं जाळं फुटल्याचा पुरावा नाही, मात्र हल्ले अजून चालूच आहेत, असंही सांगितलं.

तुमच्या गावच्या रुग्णालयाची, बँकेची किंवा कारखान्याची फायरवॉल तुमच्या हातात असेल, तर या आठवड्यात चार कामं करा. नोंदींची मर्यादा किती आणि ऐन गर्दीत त्या किती भरतात ते बघा. अर्धवट कनेक्शनचा टाइमआउट कमी करा, जुळलेल्यांचा मात्र ती वापरणाऱ्यांना विचारूनच. फायरवॉलमध्ये शिरायची तुमची स्वतःची वाट त्याच इंटरनेट लाइनवर ठेवू नका. आणि पुरवठादाराचा रात्री लागणारा फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. ईमेलमध्ये शोधायची वेळ येईल तेव्हा ईमेल बंद असेल.